पेंटबॉल केंद्रांत सीओटूऐवजी (कार्बन डायऑक्साइडऐवजी) दाबाची हवा बंधनकारक करण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. संचालक, पर्यटन संचालनालय, महाराष्ट्र शासन, मुंबई
प्रत माहितीसाठी : मा. मुख्य विस्फोटक नियंत्रक, पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संघटना (पेसो), नागपूर

महोदय,

राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार साहसी उपक्रमांना आपल्याकडे नोंदणी करावी लागते. पेंटबॉल केंद्राची पाहणी करताना मुखवटे आणि जाळ्यांइतकेच लक्ष मार्करला, म्हणजे पेंटबॉलच्या बंदुकीला, जोडलेल्या बाटलीकडेही द्यायला हवे. भाड्याने दिल्या जाणाऱ्या मार्करवर सीओटूची बाटली वापरण्यास मनाई करावी आणि ३,००० पीएसआय, म्हणजे सुमारे २०७ बार दाबाची, ॲल्युमिनियमची हवेची बाटली नोंदणीची अट म्हणून घालावी, अशी आमची मागणी आहे.

सीओटू बाटलीत द्रवरूपाने असतो. द्रव शिल्लक आहे तोवर आतला दाब बाटली किती भरली यावर नव्हे, तर तापमानावर ठरतो : २० अंशांना सुमारे ५७ बार, ३० अंशांना ७२ बार. भाड्याच्या साध्या मार्करमध्ये बहुधा दाब आवरणारा वेगळा रेग्युलेटर नसतो, त्यामुळे सकाळच्या गारव्यात क्रोनोग्राफवर (वेगमापकावर) लावलेला गोळीचा वेग दुपारी टिकत नाही, वाढतो. सेकंदाला ३०० फूट ही या खेळातली सर्वमान्य कमाल मर्यादा. वेग १० टक्क्यांनी वाढला तर आघाताची ऊर्जा २१ टक्क्यांनी वाढते. उलट सलग गोळ्या झाडल्या की बाटली गार पडते, गोळ्या तोकड्या पडू लागतात, कधी द्रव मार्करमध्ये शिरून ओ-रिंग खराब करतो. मग मार्करचा स्क्रू पिळून वेग वाढवला जातो आणि पुढच्या गटातल्या मुलाच्या हाती तोच मार्कर उन्हात तापलेल्या नव्या बाटलीसह जातो. हवेच्या बाटलीचा रेग्युलेटर मात्र ठरलेला दाबच पुढे सोडतो. आतला दाब त्यापेक्षा जास्त आहे तोवर वेग फारसा हलत नाही.

याहून महत्त्वाचा मुद्दा तपासणीचा. हवेची बाटली किती भरली हे तिचा काटा सांगतो. सीओटूची बाटली वजन करूनच भरावी लागते, कारण अर्धी असो वा काठोकाठ, काटा एकच दाब दाखवतो. ३१ अंशांच्या वर तर सीओटू द्रवरूपात राहतच नाही, आणि जादा भरलेल्या बाटलीतला दाब झपाट्याने चढतो. मे महिन्यात बंद गाडीच्या डिकीत पडलेली अशी बाटली बाहेरून निरुपद्रवीच दिसते. जो धोका अधिकाऱ्याला जागेवर वाचता येत नाही, तो केवळ सूचनाफलक लावून आवरत नाही.

२०७ बार हा आकडा ५७ पेक्षा भयंकर वाटतो, हा आक्षेप स्वाभाविक आहे. पण त्या प्रकारच्या ॲल्युमिनियम बाटलीची चाचणी ५,००० पीएसआयला होते, तिला जादा दाबाला फुटणारी सुरक्षा चकती असते, आणि १० अंशांच्या वाढीने हवेचा दाब जेमतेम साडेतीन टक्के चढतो. खर्चाचा आक्षेप अधिक खरा आहे. उच्च दाबाचा कॉम्प्रेसर महाग असतो आणि छोट्या केंद्राला तो झेपणार नाही. मात्र अशीच उच्च दाबाची यंत्रणा तारकर्लीच्या स्कूबा केंद्रांत आणि अग्निशमन दलाच्या श्वसनसंचांसाठी वापरली जाते. जवळजवळच्या दोन-तीन केंद्रांनी मिळून एक कॉम्प्रेसर घ्यावा, किंवा मोठ्या साठवण सिलिंडरांतून बाटल्या भराव्यात. त्यासाठी एक वर्षाची मुदत देणे रास्त ठरेल. ४,५०० पीएसआयच्या कार्बन फायबरच्या बाटल्यांचा हट्ट आम्ही धरत नाही. त्या हलक्या असतात, पण महाग, आणि त्यांचे आयुष्य साधारणपणे १५ वर्षांपुरते. भाड्याच्या धसमुसळ्या वापराला ॲल्युमिनियमच बरे. ४८ घनइंची बाटलीत मार्करनुसार साडेचारशेच्या आसपास गोळ्या निघतात, म्हणजे २०० गोळ्यांचे दोन हॉपर (मार्करवरचे गोळ्यांचे डबे); हौशी गटाच्या एका फेरीला एवढे पुष्कळ झाले.

या बाटलीची क्षमता सुमारे ७८७ मिलिलीटर भरते. गॅस सिलिंडर नियम, २०१६ ची व्याख्या ५०० मिलिलीटरपुढील सिलिंडरांना लागू असल्याने तिला खेळणे मानून सोडता येणार नाही. म्हणून पेसोच्या सल्ल्याने मंजूर बनावट, मुदतीतील जलदाब चाचणीचा शिक्का, आणि श्वसनयोग्य हवा देणारा कॉम्प्रेसर या अटी घालाव्यात. भरण्याच्या तोंडाला तेल किंवा ग्रीस लावण्यास स्पष्ट मनाई असावी, कारण उच्च दाबाच्या हवेत ते पेट घेऊ शकते. प्रत्येक मार्करचा वेग सकाळी व दुपारी मोजून नोंदवहीत लिहावा आणि ती नोंदवही पाहणीच्या वेळी मागितली जावी, ही विनंती.

आपले नम्र,
पुणे जिल्ह्यातील पेंटबॉल खेळाडू