बाळाची झोप, आईची दुपार

‘आमचं बाळ दिवसा झोपतच नाही हो! जरा डोळा लागला की अर्ध्या तासात टक्क जागं!’ बचत गटाच्या बैठकीत म्हणा, अंगणवाडीत लसीकरणाच्या दिवशी म्हणा, ही तक्रार हमखास कानावर येते. तक्रार करणारी बाळंतपणातून नुकतीच उठलेली, डोळ्यांखाली काळी वर्तुळं आलेली. शेजारी बसलेल्या सासूबाई लगेच म्हणतात, ‘आमच्या वेळी नव्हतं बाई असं. पोरं कशी तीन-तीन तास निजायची!’ आणि ती बिचारी मान खाली घालते, जणू बाळाला झोपवण्याच्या परीक्षेत नापास झालीय.

मैत्रिणींनो, आधी एक गोष्ट पक्की समजून घेऊ. तान्ह्या बाळाच्या झोपेचा एक फेरा साधारण ४० ते ५० मिनिटांचा असतो. तो संपला की झोप पातळ होते. मोठी माणसं कूस बदलून पुन्हा झोपतात, बाळाला ते अजून जमत नाही. म्हणून पहिल्या पाच-सहा महिन्यांत अर्ध्या-पाऊण तासाच्या डुलक्या हे दुखणं नाही. ४ ते १२ महिन्यांच्या बाळाला दिवसरात्र मिळून १२ ते १६ तास झोप लागते. ती एका दमात झाली पाहिजे असं काही नाही.

पण ही डुलकी थोडी लांबवता येते. त्यासाठी घड्याळापेक्षा बाळाकडे बघावं. दोन-तीन महिन्यांचं बाळ तास-दीड तास जागं राहिलं की थकतं, पाच-सहा महिन्यांचं दोनेक तासांनी. डोळे चोळणं, कान ओढणं, नजर फिरवणं, जांभई... ही त्याची भाषा. तेव्हाच खोलीत न्यावं. ‘अजून खेळतंय, खेळू दे’ म्हणत वेळ दवडली की ते अतिथकतं, किरकिरतं आणि झोपलं तरी लवकर उठतं.

सकाळचं तेल-मालिश, कोमट पाण्याची आंघोळ, मग दूध आणि झोप, हा आपल्या आज्यांचा क्रम खरंच छान आहे. रोज तोच क्रम, तीच अंगाई असली की बाळालाही कळतं, आता निजायचं. धुरी मात्र नको, धूर इवल्याशा छातीला सोसत नाही. सकाळी बाळाला उजेडात ठेवावं, निजवताना पडदा ओढावा. दिवस-रात्रीचं भान यायला त्याला दोन-तीन महिने लागतातच. मधेच चुळबुळ केली तर लगेच उचलू नये. छातीवर हलका हात ठेवावा, थोपटावं, दोन मिनिटं थांबावं. पुष्कळदा ते पुन्हा झोपतं. रडायला लागलं, भूक लागली, तर मात्र जवळ घ्यावंच. एवढ्याशा जिवाला रडत ठेवून शिस्त लागत नसते.

निजवायचं ते पाठीवर, सपाट आणि घट्ट गादीवर. मोहरीची उशी, मऊ लोड, तोंडावर येणारी गोधडी नको. डोक्याला आकार यावा म्हणून उशी ठेवतात, पण श्वासापुढे आकाराचं काय मोल? झोळीत हनुवटी छातीला टेकते, तान्ह्या बाळाचा श्वास कोंडू शकतो. बाळ तिथे झोपलंच तर उचलून गादीवर ठेवावं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. झोप लांबावी म्हणून औषध नको म्हणजे नको! सर्दी-खोकल्याचं सिरप पाजलं की बाळ गुंगतं, हे ‘गुपित’ बायका एकमेकींना सांगतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानं स्पष्ट सांगितलं, की दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं देऊ नयेत. अंदाजानं उगाळलेलं जायफळही नको. गुंगी म्हणजे झोप नव्हे. बाळ दुधासाठीही उठत नसेल, मलूल असेल, वजन वाढत नसेल तर थेट डॉक्टर गाठावा.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या कितीतरी बाया तान्ह्या पोरांना अफूची गोळी देऊन कामावर जात. त्यांना हौस नव्हती. पोराकडे बघायला कुणी नव्हतं आणि भोंगा थांबत नव्हता. आज भोंगा नाही, पण कुकर आहे, धुणं आहे, चारच्या चहाला येणारे पाहुणे आहेत. बाळ लवकर उठल्याची भीती वाटते ती यामुळेच. त्या पाऊण तासात सुनेला भांडी घासायची असतात, पोळ्या लाटायच्या असतात, जमलं तर स्वतःची आंघोळही उरकायची असते. बाळ तीन तास झोपावं असं वाटतं ते तिच्या कामासाठी, तिच्या विश्रांतीचा विचार त्यात कुठेच नसतो.

म्हणून माझं सांगणं सुनेला नाही, घराला आहे. दुपारच्या दोन तासांत टीव्हीचा आवाज कमी ठेवा. ‘बाळ बघायला’ येणाऱ्यांना संध्याकाळी बोलवा. एक वेळची भांडी नवऱ्यानं घासली तर आभाळ कोसळत नाही. सासूबाईंनी दुसऱ्या डुलकीला बाळ मांडीवर घेतलं, तर त्यांच्या थोपटण्याची सर कुणालाच नाही! बाळ झोपलं की आईनंही आडवं व्हावं आणि तिला कुणी ‘आळशी’ म्हणू नये. बाळाची डुलकी पाऊण तासाचीच राहिली तरी चालेल. तो पाऊण तास तिला मिळाला पाहिजे.