एका शून्याची किंमत

गेल्या दिवाळीत जुन्या नाण्यांच्या ऑनलाइन लिलावात मी ४५० ऐवजी ४५०० रुपयांची बोली लावून बसलो. चूक लगेच ध्यानी आली. पण कुणीतरी वर बोली चढवील या आशेने गप्प राहिलो. लिलाव माझ्याच नावावर संपला. विक्रेत्याने पैसे मागताच मी त्यालाच लोभी ठरवले! वस्तुतः १९३० च्या मालविक्री कायद्याप्रमाणे हातोडा पडेपर्यंत बोली मागे घेता येते. त्यानंतर मात्र केवळ एका पक्षाची चूक झाली म्हणून १८७२ चा करार कायदा करार मोडू देत नाही. माझे स्पष्ट मत असे की, चूक तात्काळ कळवणाऱ्याला विक्रेत्याने मोकळे करावे. जाणूनबुजून मौन पाळणाऱ्याने किंमत मोजावी. मी ती मोजली.