निकालानंतरचा रस्ता



निवडणूक आली की तुमची मजा असते. शाळेतच मतदान केंद्र! आदल्या दिवशी बाकं व्हरांड्यात निघतात, फळ्याजवळ पुठ्ठ्याचा आडोसा उभा राहतो आणि तुम्हाला मिळते सुट्टी. आम्हा गुरुजी-बाईंना मात्र सुट्टी नसते. यंत्रं सांभाळत दुसऱ्याच गावच्या शाळेत मुक्काम ठोकायचा असतो.

आपल्या वाशीम जिल्ह्यात विधानसभेचे तीन मतदारसंघ आहेत, वाशीम, रिसोड आणि कारंजा. २० नोव्हेंबर २०२४ ला मतदान झालं आणि २३ तारखेला मोजणी. तेव्हा वर्गातल्या एकानं विचारलं, "बाई, निकालाच्या दिवशी एवढे पोलीस कायले लागतात? मतं तं आधीच पडली ना!"

प्रश्न अगदी बरोबर आहे. मत देताना माणूस आडोशामागे एकटा असतो. निकाल मात्र सगळ्यांच्या कानावर एकाच वेळी पडतो. कुणी गुलाल उधळतं, कुणाच्या पोटात कालवतं. एकाचा जल्लोष आणि दुसऱ्याचा राग एकाच चौकात समोरासमोर आले, की ठिणगी पडायला वेळ लागत नाही. म्हणून मोजणीच्या जागेभोवती रस्ते अडवतात, पास असल्याशिवाय आत सोडत नाहीत. कधी कधी जमावबंदी लावतात, म्हणजे पाच किंवा अधिक माणसांनी एकत्र जमायचं नाही. तुमच्या आईबाबांना हे 'कलम १४४' म्हणून माहीत असेल. १ जुलै २०२४ पासून नवा कायदा आला आणि त्यात ते कलम १६३ झालं.

जमावबंदी लागली की काय होतं, ते सोलापूर जिल्ह्यातल्या मारकडवाडी या छोट्या गावानं पाहिलं. हे गाव माळशिरस मतदारसंघात येतं. २०२४ च्या निवडणुकीत तिथं उत्तमराव जानकर निवडून आले. पण या गावात त्यांना ८४३ मतं पडली आणि त्यांच्या विरोधातल्या राम सातपुते यांना १००३. जानकरांना मानणारे गावकरी म्हणाले, "हे शक्य नाही. आम्ही पुन्हा मतदान घेऊन पाहतो, कागदी मतपत्रिकेवर." ३ डिसेंबर ही तारीख ठरली. प्रशासन म्हणालं, "मतदान घेण्याचा अधिकार फक्त निवडणूक आयोगाला आहे." आणि २ ते ५ डिसेंबर जमावबंदी लागली. गल्लोगल्ली पोलीस आले. शेवटी ३ तारखेला चर्चा झाली आणि गावकऱ्यांनी ते मतदान थांबवलं. पुढे काही जणांवर गुन्हेही दाखल झाले.

कोण बरोबर, कोण चूक, यावर मोठी माणसं अजून वाद घालतात. घालू देत. आपण एवढंच लक्षात घेऊ, की गावकऱ्यांच्या मनात शंका होती, तरी त्या दिवशी मतदान थांबलं ते बोलणी करून. दुसऱ्या दिवशी गाव पुन्हा आपल्या कामाला लागू शकलं.

सगळीकडे असं होत नाही. आफ्रिका खंडातला केनिया देश नकाशात शोधा बरं. तिथं २७ डिसेंबर २००७ ला राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक झाली. ३० तारखेला म्वाई किबाकी जिंकल्याचं जाहीर झालं. रायला ओडिंगा यांच्या बाजूच्या लोकांना ते पटलं नाही. दंगली उसळल्या. अकराशेहून अधिक माणसं मेली, लाखो लोक घरदार सोडून निघाले.

आणि रस्ते? मोंबासा बंदरातून निघालेले टँकर वाटेतच अडकले. राजधानी नैरोबीतल्या किबेरा वस्तीत तर जमावानं रेल्वेचे रूळच उखडले. हा रेल्वेमार्ग मूळचा कुणी बांधला होता, ठाऊक आहे? १८९६ ते १९०१ या काळात हिंदुस्थानातून नेलेल्या हजारो मजुरांनी! आता गंमत नाही, दुःखाची गोष्ट ऐका. शेजारचे युगांडा आणि रवांडा हे देश. त्यांची निवडणूक नव्हती, त्यांचं भांडण नव्हतं. पण त्यांचं पेट्रोल त्याच वाटेनं यायचं. तिथं पेट्रोलची टंचाई झाली. भांडण एकाचं आणि खोळंबा तिसऱ्याचा, तो असा.

आपल्याकडेही हिशेब तोच आहे, फक्त आकडे लहान. समजा, निकालाच्या रागात कुणी एसटीवर दगड मारला. काच फुटली. ती गाडी आगारात उभी राहते. एक गाडी दिवसाला किती फेऱ्या करते, मोजा. तेवढ्या साऱ्या गावांची गाडी चुकते. खेड्यातल्या पाचवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी एसटीचा पास मोफत मिळतो. पण गाडीच आली नाही तर पास घेऊन करायचं काय? पायी जाणारी मुलगी संध्याकाळी अंधारात घरी पोचते, किंवा दुसऱ्या दिवशी आईच म्हणते, "राहू दे आज शाळा." वाशीमच्या दवाखान्यात निघालेली आजी फाट्यावरच बसून राहते. दगड मारणाऱ्याला यातलं कुणीच दिसत नसतं.

पण पालकहो, मला जास्त काळजी वाटते ती ग्रामपंचायतीच्या निवडणुकीची. आमदारकीचा निकाल दूर कुठेतरी लागतो. ग्रामपंचायतीचा निकाल आपल्या ओसरीवर लागतो. दोन पॅनल, आणि दोन्हीकडे आपलेच काका-मामा. निकालानंतर मोठी माणसं बोलायची बंद होतात आणि आठवड्याभरात ते वर्गात उतरतं. "मी तिच्या बाकावर नाही बसत, ते त्या पॅनलचे आहेत." हे वाक्य मी तिसरीतल्या मुलीच्या तोंडून ऐकलं आहे. दोघी रोज बरोबर यायच्या, नाला ओलांडताना एकमेकींचा हात धरायच्या. आता एक पुढे, एक मागे. तिथं कुठला पोलीस उभा करणार? त्या वाटेवर त्या दोघींचा बंदोबस्त म्हणजे त्यांची मैत्रीच होती.

मग हरलेल्यानं गप्पच बसायचं का? मुळीच नाही. शंका विचारायला कायद्यानं वाट करून दिली आहे. निकाल जाहीर होण्याआधी उमेदवार फेरमोजणीचा अर्ज करू शकतो. विधानसभा किंवा लोकसभेचा निकाल मान्य नसेल, तर ४५ दिवसांच्या आत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका करता येते. ग्रामपंचायतीचा असेल, तर १५ दिवसांच्या आत दिवाणी न्यायाधीशांकडे. आणि हो, हे फक्त उमेदवारच नाही, साधा मतदारही करू शकतो.

केनियानंही हीच वाट धरली. कोफी अन्नान यांच्या मध्यस्थीनं २८ फेब्रुवारी २००८ ला दोन्ही नेत्यांचा समझोता झाला. २०१० साली नवी राज्यघटना आली. आता राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीचा वाद तिथलं सर्वोच्च न्यायालय १४ दिवसांत निकाली काढतं. २०१७ मध्ये तर त्या न्यायालयानं चक्क निवडणूकच रद्द केली आणि ती पुन्हा घ्यायला लावली! दंगा तेव्हाही काही ठिकाणी झाला, माणसं गेली. पण २००८ सारखा वणवा पेटला नाही. २०२२ मध्येही वाद न्यायालयातच मिटला.

आता तुमच्यासाठी चार गोष्टी. निकालाच्या दिवशी बाहेरगावी जायचंच असेल, तर आधी आगारात विचारून घ्या आणि परतीची गाडी अंधाराआधीची धरा. चौकात गर्दी दिसली तर लांबची वाट बरी, बघ्यांत थांबू नका. "अमक्या गावात मारामारी झाली" असा मेसेज मोबाईलवर आला, तर तो पुढे पाठवायचा नाही, आधी घरातल्या मोठ्यांना दाखवायचा. अडचणीत पोलिसांसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८, हे दोन नंबर पाठच करा. आणि मिरवणुकीत गुलालाच्या ढगाखाली जाऊ नका. २३ नोव्हेंबर २०२४ ला कोल्हापूर जिल्ह्यातल्या महागावात विजयी मिरवणूक निघाली होती. जेसीबीतून गुलाल टाकला, तो आरतीच्या ज्योतींवर पडला आणि भडका उडाला. नव्या आमदारांसह काही जण भाजले. तिथं तर भांडणही नव्हतं.

शेवटी या आठवड्याचा उद्योग. एखाद्या सकाळी तासभर गावच्या फाट्यावर वही घेऊन बसा. रस्त्यानं कोण कोण जातं ते लिहा. दुधाचे कॅन, शाळेच्या मुली, सोयाबीनची पोती, बाळंतीण, पोस्टमन, वरातीची गाडी. मग आईबाबांना सोबत घेऊन बसा आणि यादीतल्या प्रत्येकापुढे लिहा, रस्ता एक दिवस बंद राहिला तर याचं काय होईल? कोणत्या पॅनलचा, हा रकाना मात्र करू नका.

यादी मला जरूर पाठवा. पत्ता नेहमीचाच!

तुमच्या बाई