साक्षीदार नसलेले जग

सुट्टी लागली की घरोघरी एकच तक्रार ऐकू येते. मुलगा कॉम्प्युटरपुढून हलत नाही. जेवायला दहा हाका माराव्या लागतात. विचारले तर म्हणतो, "अम्मी, पाच मिनिटं." ती पाच मिनिटे दीड तासाने संपतात. मग अब्बू वायर काढतात, मुलगा धाडकन दार लावून घेतो आणि घरात दोन दिवस अबोला राहतो.

या भांडणात एक प्रश्न सहसा कोणी विचारत नाही : तो तिथे करतो तरी काय? "मारामारी" असे उत्तर आपण स्वतःच देऊन मोकळे होतो. सगळे गेम सारखे नसतात. गोळीबाराचे वेगळे, क्रिकेट-फुटबॉलचे वेगळे. आज आम्हाला बोलायचे आहे ते एका तिसऱ्याच प्रकाराबद्दल. यात मुलगा एका काल्पनिक मुलखात एक पात्र होऊन राहतो आणि पुढे काय करायचे ते स्वतः ठरवतो. यांना 'रोल-प्लेइंग गेम' म्हणतात. त्यातला सर्वांत गाजलेला म्हणजे 2011 साली अमेरिकेतील बेथेस्डा कंपनीने काढलेला 'स्कायरिम'. इतकी वर्षे झाली तरी तो खेळला जातो. तोच उदाहरणादाखल घेऊ.

खेळ सुरू होतो तेव्हा आपण हात बांधलेले कैदी असतो. गाडीत घालून आपल्याला वधस्तंभाकडे नेले जाते. मान ठोकळ्यावर ठेवली जाते, तेवढ्यात आकाशातून एक प्रचंड ड्रॅगन येतो, गावाला आग लावतो आणि त्या धावपळीत आपण निसटतो. एका भुयारातून बाहेर आले की समोर डोंगर, नदी, पाइनची झाडे, दूरवर एखादे गाव. आता कुठे जायचे? वाटेल तिथे. ड्रॅगनचा बंदोबस्त करणे ही मुख्य कथा खरी. पण ती महिनोन्‌महिने बाजूला ठेवली तरी कोणी रागावत नाही. लाकडे फोडून विकावीत, वनस्पती गोळा करून औषधे बनवावीत, लोहाराच्या भट्टीवर खंजीर घडवावेत, घर घ्यावे, लग्न करावे. 2012 साली आलेल्या जोड-भागामुळे तर जमीन घेऊन स्वतःचे घर बांधता येते आणि अनाथ मुले दत्तक घेता येतात.

आणि जे कराल ते वाढते. लोहारकाम केले की लोहारकामातले कौशल्य वाढते, घासाघीस केली की बोलण्यातले. आकडा डोळ्यांसमोर वर सरकताना दिसतो. रस्त्यावरच्या भिकाऱ्याला एक नाणे दिले, तर त्याच्या बदल्यात आपले वाक्‌चातुर्य थोडा वेळ वाढल्याची सूचना पडद्यावर येते. सदक्याचा मोबदला हातोहात!

आता नववी-दहावीतल्या मुलाचा दिवस डोळ्यांपुढे आणा. शाळा, क्लास, गृहपाठ. कोणता विषय घ्यायचा हे वडील ठरवणार, कोणत्या कॉलेजात जायचे हे टक्केवारी ठरवणार, ईदला कोणत्या रंगाचा कुर्ता हे आई ठरवणार. मेहनत केली तरी फळ दिसायला वर्ष जाते, आणि दिसते तेव्हाही चुलत्याच्या मुलाचे गुण त्याच्या शेजारी ठेवून पाहिले जातात. अशा मुलाला एक मुलूख सापडतो, जिथे प्रत्येक तासाच्या मेहनतीची नोंद होते, कोणाशी तुलना नाही आणि वाट त्याने स्वतः निवडायची आहे. तो तिथे रमला तर त्यात नवल काय? त्याला मोहात पाडणारी गोष्ट रक्त नाही, ड्रॅगनही नाही. ती आहे इख्तियार, म्हणजे निवडण्याची मुभा, आणि केलेल्या कष्टाची दखल. या दोन्हींची भूक निरोगी आहे. ती घरात भागत नसेल तर ती बाहेर जाते.

चमत्कारांच्या दुनियेचे वेडही काही परके नाही. अमीर हमजाच्या दास्तानी आपल्याच पूर्वजांनी रात्र रात्र जागून ऐकल्या. अकबर बादशहाने त्या दास्तानीची सुमारे 1400 मोठी चित्रे काढून घेतली, त्या कामाला पंधरा वर्षे लागली. लखनौच्या नवल किशोर छापखान्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'तिलिस्म-ए-होशरुबा'चे जाडजूड खंड छापले आणि ते हातोहात खपले. त्यातल्या अमर अय्यारकडे एक झंबील होती, ज्यात सारी दुनिया मावावी अशी थैली. स्कायरिममध्ये खेळाडूच्या पाठीवरही एक अदृश्य थैली असते. फरक इतकाच की तिला वजनाची मर्यादा आहे, जास्त भरले तर पाय ओढत चालावे लागते. मराठीतही कृष्णशास्त्री चिपळूणकरांमुळे अरबी भाषेतील सुरस गोष्टी घराघरांत पोहोचल्या. तेव्हा जिन्न, जादूगार आणि तिलिस्म यांना भिऊन दार लावण्याचे कारण नाही.

पण दास्तान आणि गेम यांत दोन फरक आहेत. पहिला असा की दास्तान दहाजण एकत्र बसून ऐकत, आणि दास्तानगो उठला की मैफल संपे. गेम एकटा खेळतो आणि तो संपत नाही. स्कायरिममध्ये तर नवी नवी कामे आपोआप तयार होत राहावीत अशी यंत्रणाच बसवलेली आहे. "पाच मिनिटं" म्हणणारा मुलगा खोटे बोलत नसतो. थांबावे अशी जागा त्याला तिथे दिसतच नाही.

दुसरा फरक जास्त खोल आहे, आणि आमच्या मते खरी काळजी तिथे आहे.

त्या जगात चोरी करता येते. कोणाच्या घरात शिरून चांदीची ताटली उचलली आणि कोणी पाहिले, तर डोक्यावर इनाम लागते, पहारेकरी पकडतात. कोणी पाहिले नाही, तर इनाम लागत नाही. एवढेच नव्हे, पाहणारा शेवटचा साक्षीदार मारून टाकला तर लागलेले इनामही पुसले जाते, आणि तसा संदेश पडद्यावर येतो. चोरीच्या वस्तूवर 'चोरलेली' असा शिक्का तेवढा राहतो, चोरावर राहत नाही. आणि सगळेच बिघडले तर? जुना 'सेव्ह' उघडायचा. झाले ते झालेच नाही.

म्हणजे हे साक्षीदार नसलेले जग आहे. गुन्हा तो, जो पकडला गेला.

आपल्या मुलांना लहानपणापासून आपण हजरत उमर (रजि.) यांच्या काळातला तो प्रसंग सांगत आलो आहोत. रात्री गस्त घालताना त्यांच्या कानावर एका घरातले बोलणे पडते. आई मुलीला दुधात पाणी मिसळायला सांगते, खलिफा कुठे बघायला बसलाय म्हणते. मुलगी नकार देते, कारण खलिफा पाहत नसला तरी अल्लाह पाहतो.  त्यांनी तिला आपल्या घरची सून करून घेतली, असे सांगितले जाते. आपली सारी तरबियत या एका जाणिवेवर उभी आहे. दोन्ही खांद्यांवर लिहिणारे फरिश्ते आहेत, आणि त्यांच्या वहीतले पान कोणी साक्षीदार मेला म्हणून कोरे होत नाही.

'रीलोड' आणि तौबा यांतला फरकही मुलाला समजावून सांगण्यासारखा आहे. जुना सेव्ह उघडला की कृत्य पुसले जाते, पण करणारा होता तसाच राहतो. तौबामध्ये घडलेले घडलेलेच राहते, बदलतो तो करणारा. मनापासून पश्चात्ताप, ते काम सोडून देणे, पुन्हा न करण्याचा निश्चय, आणि कोणाचा हक्क मारला असेल तर तो त्याला परत देणे. ही शेवटची पायरी कोणत्याही बटणाने ओलांडता येत नाही. दुकानदाराचे शंभर रुपये द्यायचे राहिले असतील तर दुकानापर्यंत चालत जावेच लागते.

मग करायचे काय? बंदी घालणारी घरे आहेत. तिथली मुले मित्राच्या घरी जाऊन खेळतात. मोकाट सोडणारीही आहेत. आम्हाला तिसरा मार्ग सुचवावासा वाटतो : एकदा त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसा आणि विचारा, "बेटा, तिथे तू कोण आहेस? काय काय केलंस?"

ऐकाल तर बोलायला विषय पुष्कळ निघतील. त्या खेळात रिफ्टन नावाच्या शहरात एक अनाथाश्रम आहे. तिथली म्हातारी संचालिका मुलांना छळते. तिथून पळालेला एक मुलगा तिला मारण्यासाठी मारेकरी शोधतो आहे. तिची तक्रार कोणत्याही काझीकडे करता येत नाही. एक तर मारा, नाहीतर निघून जा. मारले तर आश्रमातली मुले आनंदाने ओरडतात. मुलाला विचारा, तू काय केलंस? यतीमांवर जुलूम होताना गप्प बसणे बरोबर नाही हे खरे. पण एकट्याने रात्री जाऊन शिक्षा देण्याचा अधिकार कोणाला आहे? जुलूम थांबवणे आणि सूड घेणे यांत काय फरक? असा प्रश्न तो व्याख्यानात ऐकून घेणार नाही, पण त्याने स्वतः तो निर्णय घेतलेला असतो, म्हणून इथे तो वाद घालेल. घालू द्या. आणि मग आपल्या शहरातल्या यतीमखान्यात या महिन्यात आपण काय पाठवले, हा विषय काढा.

देवस्थानांचा मुद्दाही उघड बोलावा. स्कायरिममध्ये काल्पनिक देवतांच्या वेदीला हात लावला की रोग बरे होतात आणि वरदान मिळते. 'झेल्डा' मालिकेतल्या 2017 च्या गेममध्ये देवीच्या मूर्तीपुढे प्रार्थना करून आयुष्य वाढवून घ्यावे लागते. अनेक आईवडिलांना हे खटकते आणि ते खटकणे योग्यच आहे. मुलालाही ते खटकले पाहिजे. ज्याला तौहीद उमगली आहे तो स्वतःच थबकतो. कोणत्या घरात कोणती रेघ ओढायची ते त्या घराने आपल्या जाणकार आलिमांना विचारून ठरवावे. पण रेघ का ओढली हे मुलाला कळले पाहिजे.

काही गोष्टी मात्र डोळ्यांत तेल घालून पाहाव्यात. पहिली, वय. स्कायरिमला अमेरिकेत 17 वर्षांवरील आणि युरोपात 18 वर्षांचे मानांकन आहे. आठवीतल्या मुलाच्या हातात तो असू नये. हे मानांकन गेमच्या वेष्टनावर किंवा विक्रीच्या पानावर छापलेले असते, वाचायला अर्धे मिनिट लागते. दुसरी, पैसा. स्कायरिम एकदा विकत घेतला की तो खेळत राहायला पुन्हा पैसे भरावे लागत नाहीत. पण 2020 साली आलेला 'गेन्शिन इम्पॅक्ट' फुकट मिळतो आणि मोबाइलवरही चालतो. त्यात नवे पात्र मिळवण्यासाठी सोडत काढावी लागते, आणि सोडतीसाठी पैसे मोजता येतात. काय निघेल ते नशिबावर. पैसे देऊन नशीब आजमावणे याला आपल्याकडे काय म्हणतात ते वेगळे सांगायला नको. बेल्जियम सरकारने 2018 मध्येच गेममधल्या अशा पैशांच्या पेट्यांना जुगाराच्या कायद्याखाली आणले. मुलाच्या फोनला कार्ड किंवा यूपीआय जोडलेले असेल तर आजच काढा.

तिसरी, आजार. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या वर्गीकरणात गेमिंगच्या विकाराची नोंद आहे. खेळण्यावर ताबा न राहणे, बाकी सगळ्यापेक्षा खेळ मोठा होणे, नुकसान दिसत असूनही तो चालू ठेवणे, आणि हे साधारण वर्षभर टिकणे, अशी त्याची लक्षणे. सुट्टीतली चार दिवसांची धुंदी म्हणजे विकार नव्हे. पण मुलगा झोप, जेवण, शाळा, मित्र सारे सोडत चालला असेल तर ओरडण्याऐवजी डॉक्टरांकडे न्या. 14416 या टेली-मानस क्रमांकावर फोन केला तरी सल्ला मिळतो.

वेळेबद्दल एक साधी युक्ती. स्कायरिमसारखा एकट्याने खेळायचा गेम जवळजवळ कुठेही 'सेव्ह' करून थांबवता येतो, दोन सेकंदांचे काम. चार मित्रांबरोबर ऑनलाइन चाललेला सामना मात्र मधेच सोडता येत नाही, म्हणून नमाजच्या वेळेच्या तोंडावर तो सुरूच करू नये. हा फरक आपल्याला माहीत आहे हे मुलाला कळले की "पाच मिनिटं" आपोआप कमी होतात. ज्या खेळाला शेवट नाही त्याला दिवसातून पाच वेळा थांबा देणारी गोष्ट आपल्याकडे आधीपासून आहे. अजान झाली की सेव्ह आणि वुजू; वडीलही त्याच वेळी हातातला मोबाइल खाली ठेवून उठले तर बोलावेही लागत नाही.

सर्वांत शेवटी, त्याला घरात थोडा इख्तियार द्या. महिन्याच्या किराण्याचा हिशेब त्याच्याकडे सोपवा. नानीच्या औषधांच्या वेळा सांभाळायला सांगा. धाकट्या बहिणीला सायकल शिकवण्याची जबाबदारी द्या. चुकेल, चुकू द्या आणि भरपाईही त्यालाच करू द्या. जमले तर चुलत्याच्या मुलाचे नाव न काढता शाबासकी द्या. इथे रीलोड नाही, म्हणूनच इथले कमावलेले टिकते.

अल्लाह आपल्या मुलांना निवडण्याची अक्कल आणि निवडलेल्याचा जबाब देण्याची हिंमत देवो. आमीन.