गोळी दिली, पण तपासणी कुठे आहे?

तोंडात पांढरे चट्टे, जिभेची आग, घास गिळताना वेदना. एचआयव्ही, केमोथेरपी, हाताबाहेर गेलेला मधुमेह यांमुळे ज्यांची प्रतिकारशक्ती खचली आहे, त्यांच्या वाट्याला हा त्रास पुन्हा पुन्हा येतो. कारण बहुधा कँडिडा नावाची बुरशी. 'किरकोळ आहे' म्हणत फ्लुकोनॅझोल लिहून दिले जाते. बरे वाटले नाही, तर पुन्हा तेच. आमचा साधा सवाल आहे : गोळी लागू पडत नसेल, तर ती कोणत्या बुरशीला दिली हे कुणी तपासले का?

मित्रांनो, कँडिडा एक नाही. अल्बिकन्स ही जात बहुधा फ्लुकोनॅझोलला दाद देते. क्रुसेई मुळातच देत नाही. ग्लॅब्राटा बरेचदा कमी देते. आणि दाद देणारी अल्बिकन्ससुद्धा वारंवारच्या गोळ्यांनी निगरगट्ट होते : औषध पेशीबाहेर फेकायला शिकते किंवा औषध जिथे बसते ती जागाच बदलून टाकते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये धोकादायक बुरशींची यादी काढली, तेव्हा अल्बिकन्सला सर्वात गंभीर गटात ठेवले. तरी आमच्या वस्तीतल्या रुग्णाला ती 'किरकोळ' कशी?

चाचणी काही चंद्रावरची नाही. तोंडातून कापसाच्या बोळ्याने नमुना घ्यायचा, साबुरो माध्यमावर वाढवायचा, जात ओळखायची आणि किती कमी औषधात वाढ थांबते ते पाहायचे. काही दिवसांचे काम आहे.

कुणी म्हणेल, प्रत्येकाची चाचणी कशाला? बरोबर आहे. पहिल्यांदा आलेल्या साध्या संसर्गात लक्षणे पाहून उपचार सुरू करणे योग्यच. पण पूर्ण उपचारानंतरही चट्टे राहिले, वारंवार परत आले किंवा आजार अन्ननलिकेत उतरला, तर अंदाजाने गोळ्या बदलत बसणे हा उपचार नव्हे, टाळाटाळ आहे.

टाळाटाळ का होते? नमुना घ्यायला रुग्णाचे तोंड उघडून पाहावे लागते, जवळ जावे लागते. शिवाशिवीची मानसिकता दवाखान्याच्या दारात चप्पल काढून ठेवत नाही. एचआयव्हीचे नाव ऐकले की अंतर आणखी वाढते. मग लांबून कागद पुढे सरकवला जातो. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. उपचारात भेदभाव करायला तो मनाई करतो. संविधानाचे कलम ४७ सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य मानते. कागद आमच्या बाजूने आहेत, प्रयोगशाळा नाहीत.

दक्षिण आफ्रिकेकडे पाहा. ट्रीटमेंट ॲक्शन कॅम्पेनचे ख्रिस्तोफर मोराका याच बुरशीने बेजार होते. फ्लुकोनॅझोल होते, पण फायझरच्या पेटंटमुळे गरिबाला परवडत नव्हते. जुलै २००० मध्ये ते वारले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये झॅकी अखमत यांनी थायलंडमधून त्याच औषधाची कितीतरी स्वस्त जेनेरिक आवृत्ती उघडपणे देशात आणली. मोहिमेला नाव दिले मोराका यांचे. दबाव वाढला आणि कंपनीला सरकारी दवाखान्यांसाठी औषध मोफत द्यावे लागले. हे दयेने झाले नाही. त्या कार्यकर्त्यांनी आपल्या आजाराचे विज्ञान स्वतः शिकून घेतले होते, म्हणून मंत्री आणि कंपनी दोघांनाही ते उलट प्रश्न विचारू शकले.

तिथे औषध महाग होते म्हणून माणूस मेला. इथे औषध स्वस्त आहे, म्हणून ते डोळे झाकून वाटले जाते. दोन्हीकडे किंमत गरिबाच्या जिवाचीच कमी धरली जाते.

म्हणून मागण्या स्पष्ट ठेवू. जिल्हा रुग्णालयात बुरशीचे कल्चर आणि औषध-संवेदनशीलता चाचणी मोफत हवी. एआरटी केंद्रातून नमुना तिथे पोहोचण्याची सोय हवी. फ्लुकोनॅझोल निकामी ठरल्यास पर्यायी औषध सरकारी कोट्यातून मिळायला हवे. एआरटी अखंड हवी, कारण प्रतिकारशक्ती सावरल्याशिवाय ही बुरशी परत येतच राहणार.

आणि कार्यकर्त्यांनो, पुढच्या वेळी रुग्णासोबत जाल, तेव्हा फक्त 'गोळ्या मिळाल्या का?' विचारू नका. 'कल्चर केले का, रिपोर्ट कुठे आहे?' हे विचारा, आणि उत्तर लेखी मागा.

जय भीम!