सब्र म्हणजे मुकाट्यानं सोसणं नव्हे

8 सप्टेंबर 2006. जुम्याचा दिवस आणि त्यात शब-ए-बरात. मालेगावच्या बडा कब्रस्तानातल्या हमिदिया मशिदीत नमाज संपवून लोक बाहेर पडत होते. तिथं आणि मुशावरत चौकात बॉम्ब फुटले. तीसहून अधिक माणसं मेली, त्यात लहान मुलंही होती. दोन वर्षांनी, 29 सप्टेंबर 2008 रोजी, रमजानमध्ये भिक्कू चौकात पुन्हा स्फोट झाला. आणखी सहा जणांचा बळी गेला.

दोन्ही खटल्यांवर पानंच्या पानं लिहून झाली आहेत. मला बोलायचंय ते त्या दिवशी तिथं होते, वाचले आणि घरी परतले त्यांच्याबद्दल. त्यांची मोजदाद कुणीच केली नाही.

शरीरात घुसलेला छर्रा एक्स-रेमध्ये दिसतो. मनात घुसलेला दिसत नाही. फटाका वाजला की अंग थरथरतं, रात्री दचकून जाग येते. माणूस तो चौक टाळून लांबच्या रस्त्यानं जातो, घरात विनाकारण चिडतो. मोठी झालेली मुलं पुन्हा अंथरूण ओलं करू लागतात. बहुतेक लोक आपल्या माणसांच्या आधारानं काही आठवड्यांत सावरतात. पण महिना उलटून गेला तरी हे सुटत नसेल, तर डॉक्टरला दाखवायलाच हवं. पीटीएसडी या नावानं 1980 पासून मानसोपचारात या आजाराची नोंद आहे. तो कमकुवत इमानाचा पुरावा नाही. त्यावर उपचार आहेत.

आपल्याकडे मात्र अशा माणसाला एकच औषध मिळतं, 'सब्र करो'. बाईनं तीच आठवण चारदा सांगितली तर 'अल्लाह की मर्जी' म्हणून तिला गप्प केलं जातं. पुरुष रडला तर तो मर्द कसला! फारच बिघडलं तर आमिल आणि तावीज. मनोविकारतज्ज्ञाकडे नेलं तर मोहल्ल्यात 'पागल' म्हणून बोभाटा होईल, बहिणीचं स्थळ मोडेल, ही भीती.

माझं भांडण सब्रशी नाही, त्या नावाखाली तोंडं बंद करणाऱ्यांशी आहे. सुंदर सब्रचा दाखला म्हणून कुरआनात हजरत याकूब येतात. तेच याकूब युसूफच्या विरहात इतके झुरले की त्यांची दृष्टी गेली. म्हणून त्यांचा सब्र कमी पडला, असं म्हणायची कुणाची हिंमत आहे? आपल्या बाळाच्या, इब्राहीमच्या मौतीवर प्रेषितांच्याही (स.) डोळ्यांत पाणी आलं. आधी उंट बांधा, मग अल्लाहवर भरवसा ठेवा, हे त्यांनीच शिकवलं. मग दुआ करा आणि डॉक्टरकडेही जा. यात विरोध कुठं आहे?

हा रोग फक्त आपलाच नाही. मालेगावच्या दोन महिने आधी, 11 जुलै 2006 ला मुंबईच्या लोकलमध्ये स्फोट झाले. दुसऱ्या दिवशी लोक पुन्हा गाडीत चढले, तेव्हा त्याला 'मुंबई स्पिरिट' म्हटलं गेलं. पोटासाठी कामावर जाणाऱ्या घाबरलेल्या माणसाला शूर म्हटलं की त्याची विचारपूस करावी लागत नाही. 'सब्र' आणि 'स्पिरिट', दोन्ही शब्द आपण एकाच कामासाठी वापरले.

सरकारचा हिशेबही तसाच. दहशतवादाच्या बळींसाठी केंद्राची योजना 2008 मध्ये आली. त्यातली मदत मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व पाहून ठरते. झोप उडाल्यानं यंत्रमागावर उभं राहता न येणारा कामगार त्यात कुठं बसतो?

सावरण्याची पहिली अट म्हणजे सुरक्षित वाटणं. मालेगावकडून तीही हिरावली गेली. 2006 च्या स्फोटांसाठी नऊ मुस्लिमांना आरोपी केलं गेलं, 2016 मध्ये कोर्टानं त्यांना आरोपमुक्त केलं. ज्या वस्तीतून जनाजे निघाले, संशयही तिच्यावरच. 2008 च्या खटल्याचा निकाल 31 जुलै 2025 ला लागला. सातही आरोपी निर्दोष सुटले. मृतांच्या वारसांना दोन लाख आणि जखमींना पन्नास हजार रुपये भरपाई द्या, असं कोर्टानं सांगितलं. सतरा वर्षांनी! दर तारखेला, दर बातमीला ज्यांनी तो दिवस पुन्हा भोगला, त्यांना आधार द्यायला कोण होतं?

म्हणून सरकारकडे मागणी साधी आहे. भरपाईत मनाची इजा धरा. उपचार फुकट द्या, तेही पंधरवड्यापुरते नाही, गरज असेल तितकी वर्षं.

आणि आपण? जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलेला मानसिक प्रथमोपचार अवघड नाही. कुणाला काय हवंय ते पाहा, त्याचं ऐका, योग्य मदतीशी त्याला जोडून द्या. बोलायची जबरदस्ती करू नका आणि बोलू लागला तर अडवू नका. इमामसाहेबांनी जुम्याच्या बयानात एवढं सांगितलं तरी मोठं काम होईल. टेलिमानसचा 14416 हा सरकारी क्रमांक मोफत आहे. नमाजच्या वेळा लिहिलेल्या फलकावर त्याच्यासाठी एका ओळीची जागा नक्की निघेल.