रानाचे बाळकडू

अरण्यऋषी मारुती चितमपल्ली १९३२ साली जन्मले ते कापडगिरण्यांच्या सोलापुरात, घनदाट अरण्यात नव्हे. पशुपक्ष्यांची आणि झाडांची पहिली ओळख त्यांना आईने करून दिली. पुढे वनखात्यातील ३६ वर्षांच्या सेवेत आणि विपुल ग्रंथसंपदेत तोच संस्कार फळाला आला. २०२५ साली पद्मश्रीने गौरविलेला हा वनमहर्षी त्याच वर्षी सोलापुरातच विसावला.

आज सात रस्त्याच्या गजबजाटातून रिक्षाने शाळा गाठणाऱ्या मुलाला विजापूर रस्त्यावरील संभाजी तलावाचा बगळा कोण दाखवणार? पर्यावरणाचा धडा परीक्षेपुरता उरतो. आईचे बोट धरून पाहिलेले पाखरू जन्मभर सोबत करते. वृक्षारोपणाच्या उत्सवांआधी, पालकहो, रविवारची एक सकाळ मुलांना द्या!